नगरपालिकांच्या निविदा : स्थानिकांना प्राधान्य कुठवर वैध?

नवी दिल्ली : पथदिवे, शालेय साहित्य, स्वच्छता अशा नगरपालिकांच्या कामांत गावातील उद्योजकांना प्राधान्य मिळावे, ही मागणी जुनी आहे. करदात्यांचा पैसा गावातच फिरावा आणि रोजगार वाढावा, हा त्यामागील युक्तिवाद. मात्र हे प्राधान्य कोणत्या स्वरूपात दिले जाते, यावर त्याची वैधता अवलंबून असते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ अन्वये नगरपालिकाही ‘राज्य’ या संज्ञेत येते. त्यामुळे निविदेच्या अटी ठरवताना समानतेचे तत्त्व आणि अनुच्छेद १९ मधील व्यवसायस्वातंत्र्य तिच्यावरही बंधनकारक आहे.

या मर्यादेचे अलीकडील उदाहरण छत्तीसगडचे आहे. शासकीय शाळांच्या क्रीडासाहित्य खरेदीत, मागील तीन वर्षांत याच राज्यातील शासकीय संस्थांना किमान ६ कोटी रुपयांचा पुरवठा केलेला असावा, अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२५ रोजी ती रद्द केली. परराज्यांतील सक्षम पुरवठादारांना अशी अट स्पर्धेबाहेर ठेवते आणि सर्वांना समान संधी देण्याच्या तत्त्वाला बाधा आणते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. राज्य नक्षलग्रस्त असल्याचा बचावही ग्राह्य धरला गेला नाही.

दार बंद न करता आधार देण्याचा मार्ग केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या खरेदी धोरणात दिसतो. समजा, मोठ्या कंपनीची सर्वात कमी बोली १ कोटी रुपयांची आहे. लघु उद्योगाची बोली १ कोटी १५ लाखांपर्यंत असेल आणि तो १ कोटीच्या दराने पुरवठा करण्यास तयार असेल, तर किमान २५ टक्के पुरवठा त्याला दिला जातो. त्यामुळे तिजोरीवर वाढीव दराचा भार पडत नाही. निविदा शुल्क आणि बयाणा रकमेतूनही अशा उद्योगांना सूट आहे. मात्र हे धोरण केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांपुरते असून त्याचा निकष उद्योगाचा आकार आहे, गाव नव्हे.

नगरपालिकांसमोरील खरा प्रश्न हाच आहे. पात्रतेची अट गावापुरती सीमित केल्यास बोलीदार घटतात, दर वाढतात आणि निविदा न्यायालयात अडकते. उलट, अनेक कामे एकाच मोठ्या निविदेत गुंफल्यास स्थानिक कंत्राटदार उलाढालीच्या अटीवरच बाद होतो. कामांची लहान विभागणी, वेळेवर देयके आणि माफक अनामत रक्कम हे उपाय कोणालाही न वगळता त्याला स्पर्धेत टिकवू शकतात.