विहिरीचे पाणी कमी, मग ओट कसा जगवावा?



सोनारीच्या शिवारात एका शेतकरी भावाने विचारले, "साहेब, विहीर पौषातच तळाला जाते. मग ओट पेरावा का नाही?" प्रश्न रास्त आहे. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो, आणि २०१३ व २०१९ साली आपल्या जिल्ह्यातली जनावरे छावणीत होती, हे तर आपण सर्वांनीच पाहिले.

प्रथम एक गोष्ट समजून घ्या. ओट हे थंडीचे गवत आहे. ज्वारी, मका, मारवेल ही उष्ण हवेची. तेवढाच वाळका चारा तयार करायला ओटाला ज्वारीच्या जवळजवळ दुप्पट पाणी लागते. थंडीत ऊन कमी, म्हणून हे खपून जाते. पण माघ सरला, ऊन तापले आणि पाणी हटले, की ओट सुकतो. पाणी कमी असेल तर त्याच्याकडून दोन कापण्यांची आशा धरू नये.

मग काय करावे?

१. जेवढे पाणी, तेवढेच रान धरा. वीस गुंठे अर्धपोटी ठेवण्यापेक्षा दहा गुंठे पोटभर भिजवा. दहा गुंठ्यांना दहा किलो बी पुरते. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दोन ओळींत ३० सें.मी. अंतर ठेवून करा.

२. पेरणीनंतरचे पाणी आणि फुटवे येतानाचे, म्हणजे २० ते २५ दिवसांचे पाणी चुकवू नका. फुटवे कमी आले तर पुढे कितीही पाणी पाजले तरी चारा वाढत नाही.

३. वरचेवर थोडे पाणी देऊ नका, मुळे वरच राहतात. मुळापर्यंत भिजेल असे द्या आणि वाफसा आला की कोळपा. भेगा बुजतात, ओल टिकते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे आपले लोक उगीच म्हणत नाहीत.

४. अर्धे पीक फुलोऱ्यात आले की एकदाच कापा. पाणी खरोखर उरले तरच चार-पाच बोटे बुडखा ठेवून दुसऱ्या कापणीसाठी राखा.

सावधान! ताण पडलेल्या ओटाला युरिया टाकू नका. पाण्यावाचून वाढ थांबते, पण मुळांनी घेतलेला नत्र नायट्रेटच्या रूपाने ताटात साठतो. असा चारा उपाशी जनावराने भरपेट खाल्ला तर ते दगावू शकते. म्हणून आधी कडबा टाका, मग ओट थोडा थोडा मिसळून द्या.

आणि बांधाला, पडीक तुकड्याला पावसाळ्याच्या सुरुवातीस मारवेलीचे ठोंब लावा. हे गवत उन्हाळ्यात वाळलेले दिसते, पण बुडखा जिवंत असतो. पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेपर्यंत ओट संपेल, मारवेल मात्र पुढच्या आषाढाला गोठ्याला हात देईल.

अधिक माहितीसाठी तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पाणी मोजा, मग पेरा.