फलनाच्या आलेखाचा य-अक्षाशी छेदनबिंदू : रीत, मर्यादा आणि अर्थ

प्रस्तावना : फलनाचा आलेख उभ्या अक्षास कोठे छेदतो, हा प्रश्न आलेखांच्या अभ्यासात प्रारंभीच उपस्थित होतो. ‘क्षच्या जागी शून्य ठेवावे’ हे उत्तर विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. तथापि या कृतीमागील कारण ध्यानात न घेतल्यास आकडा बरोबर येऊनही त्याचा अर्थ चुकू शकतो.

रीत : य-अक्षावरील प्रत्येक बिंदूचा क्ष-निर्देशक शून्य असतो. म्हणून य = फ(क्ष) या आलेखाचा छेदनबिंदू (०, फ(०)) हाच होय. उदाहरणार्थ, फ(क्ष) = २क्ष² − ३क्ष + ५ असल्यास फ(०) = ५; म्हणजेच बहुपदीचे स्थिर पद हाच य-अंतःखंड असतो. फलनात क्षच्या एका किमतीस यची एकच किंमत मिळत असल्याने असा बिंदू फार तर एक असतो. क्ष² + य² = ९ हे वर्तुळ य-अक्षास दोनदा छेदते; कारण ते क्षचे फलन नव्हे.

मर्यादा : शून्य ही संख्या फलनाच्या प्रांतात असणे आवश्यक आहे. फ(क्ष) = १/क्ष या फलनात ती नाही; म्हणून त्याचा आलेख य-अक्षास छेदतच नाही.

अर्थ : सेल्सिअस अंशांवरून फॅरनहाइट अंश देणाऱ्या फॅ = १.८ से + ३२ या सूत्रात अंतःखंड ३२ आहे. शून्य अंश सेल्सिअस हे तापमान प्रत्यक्षात असते, त्यामुळे येथे शंका उरत नाही. प्रकाशविद्युत परिणामाची गोष्ट निराळी आहे. आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या समीकरणाची कसोटी मिलिकन यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घेतली. इलेक्ट्रॉन थोपविण्यास लागणारा विभव आणि प्रकाशाची वारंवारता यांचा आलेख सरळ रेषा येतो. ही रेषा मागे वाढविली असता उभ्या अक्षास शून्याखाली छेदते आणि आवश्यक दुरुस्तीनंतर त्या अंतःखंडावरून इलेक्ट्रॉन धातूबाहेर काढण्यास लागणारी किमान ऊर्जा मिळते. परंतु विशिष्ट वारंवारतेखाली इलेक्ट्रॉन बाहेरच पडत नाहीत. साहजिकच तेथे एकही निरीक्षण नसते. छेदनबिंदू वाढविलेल्या रेषेचा आहे, मोजलेल्या घटनेचा नव्हे.

निष्कर्ष : शून्य ठेवण्यापूर्वी ते प्रांतात आहे काय, हे पाहणे हा रीतीचाच भाग आहे. सूत्राचा प्रांत आणि घटनेचा प्रांत भिन्न असतील, तर अंतःखंड उपयुक्त ठरू शकतो. परंतु तो निरीक्षण नसून अनुमान आहे, याची नोंद उत्तरासोबत असावयास हवी.