कारखान्याच्या दाराला कुलूप होतं आणि १४६ जीव गेले. त्यानंतर न्यूयॉर्कने कायदे कसे बदलले?

२५ मार्च १९११. शनिवारची संध्याकाळ. न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीत सुट्टी व्हायला थोडाच वेळ उरला होता. शर्टवेस्ट म्हणजे त्या काळी बायका घालायच्या तो कॉलर-बटणांचा ब्लाऊज. दहा मजली इमारतीतले वरचे तीन मजले या कारखान्याचे होते. आठव्या मजल्यावर चिंध्यांनी पेट घेतला. अर्ध्या तासाच्या आत आग विझली, पण तोवर घात झाला होता. एकूण १४६ कामगार गेले, त्यातल्या १२३ बायका होत्या. बहुतेक जणी इटलीतून आणि पूर्व युरोपातून पोट भरायला आलेल्या तरुण मुली.

एवढे लोक का गेले?

आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावर फोन गेला. तिथे मालक बसायचे. ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत निसटले. नवव्या मजल्याला मात्र कुणी कळवलंच नाही. तिथल्या एका जिन्याकडे आग पोहोचली होती आणि दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं. कारण काय, तर कामगारांनी माल चोरू नये म्हणून सगळ्यांना एकाच दाराने सोडून पिशव्या तपासल्या जायच्या. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचली. अनेकींनी खिडकीतून उड्या मारल्या.

विशेष म्हणजे ही इमारत आगीला टिकेल अशीच बांधलेली होती, आणि ती टिकलीही. आजही ती उभी आहे. नियमांनी भिंती वाचवल्या, माणसं नाही.

शहर वाढलं, नियम मागे राहिले

१९०० ते १९१० या दहा वर्षांत न्यूयॉर्कची लोकसंख्या ३४ लाखांवरून ४७ लाखांवर गेली. कारखाने उंच इमारतींमध्ये शिरले, पण आग लागली तर बाहेर कसं पडायचं याची तालीम सक्तीची नव्हती.

कामगार गप्प होते असंही नाही. १९०९ मध्ये शहरातल्या सुमारे २० हजार शिलाई कामगारांनी संप केला होता. त्यात बहुतेक मुलीच होत्या. पगार वाढवा, तास कमी करा, युनियनला मान्यता द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. पोलिसांनी अनेकींना अटक केली. बऱ्याच मालकांनी तडजोड केली, ट्रँगलने मात्र युनियन मानली नाही.

कोर्टात काय झालं?

मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस यांच्यावर खटला चालला. पण दाराला त्या वेळी कुलूप होतं हे मालकांना माहीत होतं, हे सिद्ध व्हायला हवं होतं. डिसेंबर १९११ मध्ये दोघे निर्दोष सुटले. पुढे १९१४ मध्ये नुकसानभरपाईच्या दाव्यांत एका मृतामागे ७५ डॉलर द्यायचं ठरलं. दरम्यान १९१३ मध्ये कामाच्या वेळेत दाराला कुलूप लावल्याबद्दल ब्लँक पुन्हा सापडला. दंड झाला २० डॉलर.

मग बदल कसा झाला?

आगीनंतर लोक खवळले होते. शहरावर पकड असलेल्या टॅमनी हॉल या राजकीय गटाला स्थलांतरित कामगारांची मतं समाजवाद्यांकडे जाण्याची भीती होती. या दबावातून जून १९११ मध्ये कारखाना चौकशी आयोग नेमला गेला. रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष आणि अल स्मिथ उपाध्यक्ष. दोघेही टॅमनीचेच.

आयोग एका आगीपुरता थांबला नाही. पहिल्याच वर्षी १,८०० हून अधिक कारखान्यांची तपासणी झाली, २२२ जणांच्या साक्षी झाल्या. ही आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स या कामात होत्या. त्यांनी पुढाऱ्यांना थेट कारखान्यांत नेलं. एका ठिकाणी तर वॅग्नर यांना आणीबाणीच्या वाटेने स्वतः बाहेर पडायला लावलं. ती वाट म्हणजे भिंतीतलं छोटं भोक आणि जमिनीपर्यंत न पोहोचणारी, बर्फाने माखलेली शिडी.

१९१४ पर्यंत तीसहून अधिक कायदे झाले. कामाच्या वेळेत दारं उघडी ठेवणं, आगीची तालीम, उंच कारखान्यांत पाण्याचे स्प्रिंकलर, बायकांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा. ही मर्यादाही तडजोडीतून आली. सुरुवातीला डबाबंद अन्नाचे कारखाने त्यातून वगळले होते, ती पळवाट नंतर बंद झाली.

पर्किन्स १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या, देशाच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला. वॅग्नर यांनी १९३५ मध्ये युनियनचा हक्क देणारा राष्ट्रीय कायदा आणला.

दुर्घटनेनंतर संताप सगळीकडेच होतो आणि काही दिवसांत ओसरतो. न्यूयॉर्कमध्ये मात्र संपातून उभी राहिलेली संघटना होती, मतांची भीती होती आणि दारोदार फिरून जमवलेला पुरावा होता. म्हणून तिथे संतापाचा कायदा झाला.