कराराबाहेरचं मूल
कारखान्यांच्या गावात : लेखांक नववा

मागच्या लेखांकात चाकणला वाहनांचे कारखाने का आणि कसे आले ते पाहिलं. पिंपरीत टेल्कोच्या आवारात १९९५ साली मर्सिडीज गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे २००९ मध्ये मर्सिडीजने आपला कारखाना चाकणला नेला, आणि त्याच वर्षी मार्चअखेर फोक्सवॅगनचाही कारखाना तिथे सुरू झाला. मागोमाग जपानी, कोरियन कंपन्या आल्या. यंत्रं बसवायला, ती चालवायला शिकवायला दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर परदेशी अभियंते येत राहिले, अजूनही येतात. त्यातले बरेच तिशी-पस्तिशीचे. म्हणजे लहान मुलांचे आईबाप. या वेळी त्यांच्या घरात जायचं आहे.

अशा नेमणुकीच्या करारात साधारणपणे बरंच काही असतं. घरभाडं, ड्रायव्हरसकट गाडी, मोठ्या मुलांची शाळेची फी, आरोग्यविमा, वर्षातून एकदा मायदेशी जायची तिकिटं. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी सोयीही उभ्या राहिल्या आहेत. हिंजवडीची मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल १९९८ पासूनची, आता तिचं नाव महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल आहे. जपानी मुलांना सक्तीच्या शिक्षणाच्या वयात त्यांचं सरकार पाठ्यपुस्तकं परदेशातही फुकट पोहोचवतं. प्रश्न आहे तो त्याआधीच्या वयाचा, म्हणजे जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंतचा. या वयाच्या मुलाला शाळा नको असते. त्याला दिवसभर तीच ती माणसं हवी असतात, आणि ती कोणत्याही करारात लिहिता येत नाहीत.

व्हिसाचं तंत्र समजून घेतलं की घरातलं चित्र उलगडतं. परदेशी अभियंता येतो तो एम्प्लॉयमेंट व्हिसावर; त्यासाठी वर्षाला किमान सव्वासोळा लाख रुपये पगाराची अट आहे. त्याच्या बायकोला आणि मुलांना मिळतो एंट्री व्हिसा, ज्याला सगळे ‘एक्स व्हिसा’ म्हणतात. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. त्यामुळे कालपर्यंत स्वतः नर्स, शिक्षिका, अभियंता असलेली बाई वाकडच्या किंवा बाणेरच्या एखाद्या टॉवरमध्ये दोन वर्षांच्या मुलासोबत दिवसभर एकटी असते. कारखाना पंचवीस-तीस किलोमीटरवर. पण नाशिक फाटा, भोसरी, मोशी, कुरुळी फाटा आणि शेवटी चाकणचा तळेगाव चौक या वाटेने जो रोज जातो त्याला किलोमीटर सांगून उपयोग नाही. बाप सकाळी निघतो तेव्हा मूल झोपलेलं आणि परततो तेव्हाही झोपलेलं, असे आठवडेच्या आठवडे जातात.

आजी-आजोबा फोनच्या पडद्यावर असतात, पण तिथेही घड्याळ आडवं येतं. कोरिया आणि जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. बाप रात्री आठला घरी आला तर सोलमधली आजी साडेअकराच्या झोपेत. म्हणून ज्यांना हे जमलं आहे ती कुटुंबं सकाळी सातला, न्याहारीच्या वेळी फोन लावतात. तिकडे साडेदहा वाजलेले असतात. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, तेव्हा त्यांच्यासाठी आपली संध्याकाळ सोयीची. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षाखालच्या मुलांना पडदा नकोच असं सांगितलं, तेव्हाही नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलण्याला सूट दिली होती. ती सूट मला फार समंजस वाटते.

मग घरात मावशी येते.

सकाळी नऊला येऊन संध्याकाळी सहाला जाणारी, मुलाला भरवणारी, झोपवणारी, खाली बागेत नेणारी. आई भाषेशी, बाजाराशी, एकटेपणाशी झगडत असताना मुलाचं जग या बाईभोवती बांधलं जातं. सोसायटीच्या बागेत पाहा. सोनेरी केसांचं एक पोर घसरगुंडीवरून ‘मावशी, बघ!’ म्हणून ओरडतं आणि आजूबाजूचे लोक कौतुकाने हसतात. कौतुक योग्यच आहे, पण तिथे थांबू नये. त्या मुलासाठी ती हाक गंमत नाही, त्याचं घर कुठे आहे ते ती सांगते.

आईबापांना मात्र काळजी लागते की तीन भाषांत मूल गोंधळेल, बोलायला उशीर करेल. घरात कोरियन, प्लेग्रुपमध्ये इंग्रजी, मावशीकडे मराठी नाहीतर हिंदी. याबाबत भाषाभ्यासक बऱ्यापैकी एकमताने सांगतात की एकापेक्षा जास्त भाषा कानावर पडल्याने वाचादोष होत नाही. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हा बिघाडही नाही. मुलाचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजावेत. दोन वर्षांचं मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल तर मात्र ‘तीन भाषा आहेत ना, म्हणून’ असं म्हणून थांबू नये; तपासणी करून घ्यावी. हा सल्ला परदेशी कुटुंबांइतकाच घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या आपल्या घरांनाही लागू आहे.

भाषा येते कशी यापेक्षा जाते कशी हे जास्त विचार करायला लावणारं आहे. क्रिस्तोफ पालिये आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेली मुलं मोठी झाल्यावर त्यांना कोरियन वाक्यं ऐकवली. ती त्यांना ओळखू आली नाहीत. जी भाषा एकेकाळी पूर्ण बोलत होती, ती परक्या कोणत्याही भाषेसारखी वाटली. नंतर नेदरलँड्समधल्या अशाच दत्तक गेलेल्यांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की कोरियन पुन्हा शिकायला घेतली तर तिचे उच्चार त्यांना इतरांपेक्षा लवकर साधतात. म्हणजे माणसं गेली की भाषा वर दिसेनाशी होते, खाली काहीतरी उरतं.

आता प्लेग्रुपकडे, कारण सगळ्यात जास्त खटके तिथे उडतात. जर्मनीत मूल पाळणाघरात घालताना ‘बर्लिन पद्धत’ बऱ्याच ठिकाणी पाळतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलासोबत वर्गातच बसतो, वेगळं करण्याचा प्रयत्नही होत नाही. चौथ्या दिवशी पालक काही मिनिटांसाठी बाहेर जातो. बाईंनी समजावल्यावर मूल शांत होतं का, हे पाहून पुढची पावलं ठरतात. ही सवय असलेली आई इथल्या प्लेग्रुपमध्ये येते तेव्हा तिला सांगितलं जातं की पालकांनी आत यायचं नाही, चार दिवस रडेल आणि मग आपोआप शांत होईल. मी अशा एका दारात उभी राहिले आहे. आतून रडणं ऐकू येत होतं आणि बाहेर आई काय करावं न कळून उभी होती. मला विचाराल तर त्या आईचंच बरोबर होतं. शांत झालेलं मूल रुळलेलं असतंच असं नाही. ओरडून कोणी येत नाही हेही ते शिकलेलं असू शकतं. जे मूल नुकतंच देश, घर, आजी सगळं सोडून आलं आहे, त्याला तर ओळखीच्या माणसाची सोबत आणखी काही दिवस हवी. आणि आपल्या मुलांना तरी ती का नको? वाकड-रावेतच्या बालवाड्यांनी पहिला आठवडा पालकांना आत बसू दिलं तर खर्च काही नाही, चार जादा खुर्च्या लागतील.

दवाखान्यातलं प्रकरण थोडक्यात, पण नेमकं सांगते. लशींची वेळापत्रकं देशोदेशी वेगळी असतात आणि त्यामागे कारणं असतात. गोवराच्या लशीची पहिली मात्रा आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर, जर्मनीत अकरा महिन्यांनंतर आणि जपानमध्ये वर्ष झाल्यावर देतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं ओसरल्यावर लस चांगली लागू पडते; पण गोवर फिरत असेल तिथे तोवर थांबणं धोक्याचं. बीसीजी इथे जन्मताच मिळते. जर्मनीने १९९८ नंतर तिची शिफारस थांबवली, त्यामुळे तिथून आलेल्या मुलाच्या दंडावर व्रण नसतो आणि इथली बालवाडी उगाच शंका घेते. परत जाताना इथल्या डॉक्टरांकडून प्रत्येक लशीचं नाव, तारीख, बॅच क्रमांक आणि शिक्का असलेलं कार्ड घ्यायलाच हवं. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवराच्या संरक्षणाचा पुरावा नसेल तर पाळणाघरात प्रवेश मिळत नाही.

आणि कुत्र्यांचं. जपानमध्ये १९५७ नंतर प्राण्यांमधला रेबीज दिसलेला नाही. तिथून आलेल्या पालकांच्या मनात ही भीतीच नसते. दोन-तीन वर्षांचं मूल ओरखडा उठला हे सांगतही नाही. पिल्लाशी खेळताना दात किंवा नख लागलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शेजाऱ्याने हे एवढं सांगितलं तरी फार मोठं काम होतं.

काहींचं बाळ इथेच जन्मतं. जन्मनोंदणी एकवीस दिवसांत महापालिकेकडे करायची, दाखला मिळतो. पण नागरिकत्व मिळत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचे आईबाप दोघेही परदेशी असतील तर ते जन्माने भारतीय ठरत नाही. मग मुंबईच्या वकिलातीतून पासपोर्ट आणि परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून व्हिसा. चिंचवडमध्ये जन्मलेलं बाळ चिंचवडमध्ये राहण्याची परवानगी मागतं. कायद्याच्या दृष्टीने यात काही चूक नाही, पण बाळंतिणीला ही धावपळ करावी लागते हे ठाऊक असलेला एखादा मराठी सहकारी कारखान्यात असेल तर त्याने पुढे व्हावं.

उलट्या दिशेने आपणही जातो. निगडी-प्राधिकरणातली तरुण जोडपी कडेवरच्या मुलासह स्टुटगार्टला, वोल्फ्सबुर्गला जातात. तिथे १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाला पाळणाघराचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा मिळवताना दमछाक होते. आणि तिथे मावशी नसते. पाच वर्षांनी मूल परततं, आजी मराठीत विचारते आणि ते जर्मनमध्ये उत्तर देतं. आजी हिरमुसते. तिने हिरमुसू नये, बोलत राहावं. कारण समजणारं मूल बोलायला लागतंच, ऐकवणारं माणूस टिकलं तर.

रूथ हिल युसीम ही अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात नवऱ्यासह भारतात आली होती. परदेशात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचं जगणं तिने इथे पाहिलं आणि पुढे अशा कुटुंबांतल्या मुलांच्या अभ्यासाचा पायाच त्यातून घातला गेला. तिच्यानंतरच्या अभ्यासकांनी एक गोष्ट वारंवार नोंदवली आहे : या मुलांना सगळ्यात जड जातात ते निरोप, जे कोणी नीट घेऊच देत नाही. सामान बांधताना मोठी माणसं म्हणतात, ‘लहान आहे, विसरेल.’ विसरतंही. पण ज्या बाईने दोन वर्षं आपल्याला झोपवलं ती एका सकाळी दिसेनाशी झाली, हे अंगावर राहतं. म्हणून जायच्या काही आठवडे आधीपासून मुलाला सांगावं, मावशीसोबतचे फोटो छापून हातात द्यावेत, शेवटच्या दिवशी तिला मुलाला जवळ घेऊन बोलू द्यावं आणि नंतरही अधूनमधून तिला फोन लावून द्यावा.

मावशीसाठीही तो दिवस दुहेरी तोट्याचा असतो. मूल जातं आणि काम जातं. महिनाभराचा पगार आणि पुढच्या घरासाठी चांगलं पत्र, हा उपकार नव्हे, तिचा हक्क मानावा.

तिची स्वतःची मुलं त्या वेळी कुठे असतात? बऱ्याचदा थेरगाव-रहाटणीतल्या भाड्याच्या खोलीत मोठ्या बहिणीच्या ताब्यात, नाहीतर लातूर-परभणीकडच्या गावी आजीजवळ. तीही आपला मुलूख सोडून आलेली आहे. फक्त तिला कोणी घरभाडं, तिकिटं देत नाही. कारखान्यात पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघर हवं असं मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ठरवलं, पण घरकाम करणारी बाई कोणत्याच कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. तिच्या मुलांनी दिवस कुठे काढायचा, आणि महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या अंगणवाड्या अशा मुलांना किती वेळ सांभाळू शकतात, हे पुढच्या आठवड्यात पाहू.