कॉलेजच्या आधीची टीम

ऑगस्टमधल्या एका सकाळी फजर आटोपून आम्ही चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ. सलाम-दुआ झाली, अम्मीची तब्येत विचारून झाली आणि मग ती एकदम म्हणाली, "भाईजान, पोरीला दोन टीमनी बोलावलंय. परवापर्यंत हो की नाही ते सांगायचंय. नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला देणार म्हणे."

पोरगी म्हणजे आमची भाची. वय सोळा, यंदा अकरावीत. खेळ सॉफ्टबॉल, आणि जागा कॅचरची, म्हणजे बॅटरच्या मागे तोंडावर जाळी बांधून उकिडवे बसायचे. तिला कॉलेजात गेल्यावरही खेळायचे आहे, आणि त्याआधीचे दोन उन्हाळे कोणत्या टीममध्ये घालवायचे यावर बरेच काही ठरणार होते. बहीण-मेहुण्यांचे यावरून आठवडाभर बोलणे धड होत नव्हते. म्हणून मामूला फोन.

आम्ही काही तज्ज्ञ नव्हे. पण जळगावच्या बाजूला आमचे शिक्षण झाले आणि तिकडे हा खेळ शाळाशाळांतून खेळला जातो. आमची ही बहीणच उर्दू शाळेच्या टीममधून सलवार-कमीजवर खेळलेली आहे. तिच्या त्या वेळच्या फाटक्या ग्लोव्हला आम्हीच मोच्याकडून टाके घालून आणले होते. तेव्हा निदान खेळ समजावून घ्यायला वेळ लागला नाही. तिथली व्यवस्था समजायला मात्र लागला.

सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. १८८७ साली शिकागोत एका बंद सभागृहात, मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू करून हा खेळ सुरू झाला. आज चेंडूचा घेर १२ इंच असतो, पिचर ४३ फुटांवरून हात खालून गरकन फिरवून तो फेकते, आणि कॉलेजातल्या चांगल्या पिचरचा चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या आसपास येतो. नावातल्या 'सॉफ्ट'वर जाऊ नका.

आपल्याकडे मुलगी शाळेकडून खेळते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढते. अमेरिकेतही शाळेची टीम असते, पण न्यू जर्सीसारख्या थंड राज्यात तिचा हंगाम मार्चपासून जेमतेम तीन महिन्यांचा. आणि नेमक्या त्याच दिवसांत, फेब्रुवारी ते मे, कॉलेजांचाही हंगाम चालू असतो. कॉलेजचे प्रशिक्षक स्वतःच्या सामन्यांत गुंतलेले, ते शाळेच्या मैदानावर फारसे येणार कुठून? ते मोकळे होतात उन्हाळ्यात आणि नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्या वेळी मैदानावर असतात त्या खासगी क्लबांच्या टीम. गावोगाव, राज्योराज्य फिरणाऱ्या, म्हणून त्यांना 'ट्रॅव्हल टीम' म्हणतात. वयाप्रमाणे गट असतात: १२, १४, १६ आणि शेवटचा १८ वर्षांखालचा. ऑगस्टमध्ये निवड चाचणी, हिवाळ्यात छपराखाली सराव, आणि जूनपासून जवळजवळ दर शनिवार-रविवार स्पर्धा.

काही स्पर्धा जिंकण्या-हरण्याच्या असतात, काही नुसत्या दाखवण्याच्या. या दुसऱ्या प्रकाराला 'शोकेस' म्हणतात. वेळेचे बंधन घालून सामने होतात, हार-जितीला फारसे महत्त्व नसते, आणि जाळीमागे कॉलेजचे प्रशिक्षक घडीच्या खुर्च्यांवर वह्या घेऊन बसतात. कोलोराडोत उन्हाळ्यात असे मोठे मेळे भरतात, देशभरातून शेकडो टीम येतात. आमच्या बायकोने हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे मुलगी बघायला येतात तसं?" बहीण फोनवर खूप हसली. पण मुमानी अगदीच चुकली नव्हती. त्यातली घालमेल तशीच असते.

आता मागच्या वर्षाची गोष्ट सांगायला हवी, कारण या वर्षीचा पेच तिच्यातून आला. मागच्या ऑगस्टमध्ये भाचीची एका मोठ्या नावाच्या क्लबात निवड झाली होती. त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजात गेलेल्या मुलींचे ओळीने फोटो. मेहुणे हरखले. फी भरली, नवी बॅट घेतली, तीच साडेतीनशे डॉलरची. टूर्नामेंटचे विमान-तिकीट वेगळे, हॉटेल वेगळे. आणि हॉटेलही आपल्या मनाने स्वस्तातले घेता येत नाही, कित्येक स्पर्धांची अट असते की त्यांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरायचे. सगळे मिळून वर्षाचा खर्च कित्येक हजार डॉलरवर गेला. बहीण एका दवाखान्यात नोकरी करते, तिने जादा पाळ्या घेतल्या. धाकट्या भाच्याचा पोहण्याचा वर्ग त्या वर्षी बंद झाला, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आणि पोरगी बाकावर. टीममध्ये अठरा मुली, त्यांत कॅचर तीन. पहिली कॅचर प्रशिक्षकाची पुतणी. (ती चांगली खेळत होती, हेही भाचीनेच सांगितले.) दुसरी एक वर्षाने मोठी. राहिलेल्या वेळात आमची. एकदा तर विमानाने जाऊन चार दिवसांत ती सहा इनिंग खेळली. जाळीमागे प्रशिक्षक बसले होते खरे, पण बाकावर बसलेल्या मुलीचे ते काय टिपून घेणार?

आम्ही शिक्षक असल्याने हे चित्र आम्हाला ओळखीचे वाटले. अकरावी-बारावीच्या मोठ्या क्लासेसचे फ्लेक्स आपण बघतोच. पहिल्या बॅचमधल्या पन्नास मुलांचे फोटो लागतात, आणि मागच्या बॅचमधली पाचशे मुले त्या फोटोंचा खर्च भरतात. आपले मूल कोणत्या बॅचमध्ये बसणार हे विचारायला पालक विसरतात. क्लासचे नाव घेतले की शेजारी मान डोलावतात, तेवढ्यात समाधान.

तर यंदा पुन्हा दोन बोलावणी. एक तोच क्लब, आता १८ वर्षांखालच्या वरच्या टीमसाठी. दुसरी, घरापासून गाडीने चाळीस मिनिटांवरची लहान टीम. तेरा मुली, विमानप्रवास वर्षातून एकदाच, बाकी पेनसिल्व्हेनिया आणि आजूबाजूला. मेहुण्यांचे म्हणणे, नावाला किंमत असते, दुसऱ्या वर्षी तरी संधी मिळेल. बहिणीचे म्हणणे, पुन्हा तेच होणार. पोरीला कोणी विचारलेच नव्हते. आम्ही तिला फोन द्यायला सांगितले.

ती म्हणाली, "मामू, मला कॅच करायचंय. बस."

मग आम्ही एवढेच सुचवले की दोन्हीकडे तेच प्रश्न तिने स्वतः विचारावेत, अब्बांनी नव्हे. प्रश्न आम्ही तिघांनी फोनवर मिळून काढले. टीममध्ये कॅचर किती? गेल्या वर्षी तिसऱ्या कॅचरला किती खेळवले? ज्या मुली कॉलेजात गेल्या त्यांतल्या किती दोन वर्षांनीही खेळत आहेत? कॉलेजच्या प्रशिक्षकांशी पत्रव्यवहार कोण करणार, क्लब की आम्ही? एकूण खर्च लेखी मिळेल का, आणि दुखापत झाली तर त्यातले काय परत मिळेल? दुखापतीचा प्रश्न बहिणीचा. खालून फेकायचे म्हणजे खांद्याला त्रास नाही, असा पूर्वी समज होता, तो आता डॉक्टरांनी खोडला आहे. आणि कॅचरचे तर गुडघे. तीन-तीन सामने एका दिवसात.

मोठ्या क्लबाने कॅचर "तीन, कदाचित चार" सांगितले आणि बाकी प्रश्नांना माहितीपत्रक पाठवले. लहान टीमच्या बाई प्रशिक्षक स्वतः कॉलेजात खेळलेल्या. त्यांनी सांगितले, कॅचर दोन, आलटूनपालटून. आणि स्पष्ट सांगितले की मोठ्या विद्यापीठांचे लोक आमचे सामने बघायला कमी येतात, ती गैरसमजूत नको.

हा शेवटचा मुद्दा मेहुण्यांना टोचला. म्हणून कॉलेजचा हिशेबही नीट पाहिला. कॉलेज-खेळांची मोठी संघटना एनसीएए, तिचे तीन विभाग. पहिल्या विभागात सॉफ्टबॉलसाठी परवापरवापर्यंत एका कॉलेजला जास्तीत जास्त १२ शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या वीस-पंचवीस मुलींत वाटल्या जात. म्हणजे कुणाला अर्धी, कुणाला पाव. २०२५ पासून न्यायालयीन तडजोडीनंतर ती मर्यादा निघून टीमची संख्याच २५ वर आणली गेली, पण म्हणून प्रत्येक कॉलेजकडे सगळ्यांना पुरेल एवढा पैसा आला असे नाही. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नसते. तिथे मदत मिळते ती गुणांवर आणि घरच्या परिस्थितीवर. भाचीचे गुण चांगले आहेत. हे ऐकल्यावर मेहुणे थोडे गप्प झाले. ट्रॅव्हल टीमवर ओतलेला पैसा शिष्यवृत्तीतून वसूल होईल हा हिशेब पुष्कळ घरांत चालतो, आणि पुष्कळ घरांत तो चुकतो.

आणखी एक नियम पालकांनी लक्षात ठेवण्यासारखा. पहिल्या विभागातल्या प्रशिक्षकांना मुलीशी थेट बोलण्याची मुभा अकरावीच्या १ सप्टेंबरपासून मिळते. २०१८ साली हा नियम झाला. त्याआधी आठवी-नववीतल्या मुलींना तोंडी शब्द दिले जात आणि मागे घेतलेही जात. मुलीने मात्र त्याआधीही पत्र, खेळाचा व्हिडिओ आणि सामन्यांचे वेळापत्रक पाठवायला हरकत नाही. उत्तर आले नाही तर रुसू नये, नियमच तसा आहे. कित्येक कॉलेजे स्वतःची शिबिरेही भरवतात. लहान टीममधली मुलगी तिथे जाऊन स्वतःला दाखवू शकते, आणि एका शिबिराचा खर्च एका विमानवारीपेक्षा कितीतरी कमी.

अम्मीचे प्रश्न वेगळे होते. पोरगी डोके झाकते, ते कसे चालते? चांगले चालते, असे आम्ही तिला सांगितले. सॉफ्टबॉलच्या पोशाखात पॅन्ट आणि लांब मोजे असतातच, आतून पूर्ण बाह्यांचा सदरा घालता येतो, आणि कॅचरच्या हेल्मेट-जाळीखाली हिजाब आहे की टोपी हे कुणाला दिसतही नाही. न्यू जर्सीचीच इब्तिहाज मुहम्मद २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हिजाब घालून तलवारबाजी खेळली आणि कांस्यपदक घेऊन आली. तलवारबाजी निवडण्यामागे अंग पूर्ण झाकणारा पोशाख हेच तिच्या घरच्यांचे एक कारण होते. तरी नियम आधी विचारून घ्यावा. २०१९ मध्ये ओहायोत एका शाळकरी धावपटूने शर्यत पूर्ण केली आणि हिजाबची परवानगी आधी घेतली नव्हती म्हणून तिची वेळ बाद ठरवली गेली. पुढे २०२२ मध्ये त्या राज्याने कायदाच करून ही अट काढली. लहान टीमच्या बाईंनी चाचणीच्या दिवशी हिजाबविषयी एकच प्रश्न विचारला होता: हेल्मेट घट्ट बसते ना?

मुलगी परगावी कोणाबरोबर जाणार, हाही अम्मीचा प्रश्न, आणि तो फक्त दादी-नानींचा समजून सोडू नये. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्समधल्या भयंकर प्रकरणानंतर २०१८ साली केंद्रीय कायदा झाला. त्याच्या आधारे झालेल्या नियमांनुसार प्रौढाने अल्पवयीन खेळाडूला एकांतात भेटायचे नाही. मेसेज पाठवला तर त्यात पालक किंवा दुसरा प्रौढ हवा. पण सगळेच क्लब सारख्याच कसोशीने पाळतात असे समजू नये. बहिणीने दोन्हीकडे विचारले. एकीकडे उत्तराला दोन दिवस लागले, दुसरीकडे बाईंनी लगेच कागद पुढे केला.

रमजानचे गणितही मांडून पाहिले. २०२६ चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा फक्त सराव. भाची कॉलेजात पहिला हंगाम खेळेल तो २०२८ च्या फेब्रुवारीत, आणि त्या वर्षी रोजे चंद्रदर्शनाप्रमाणे साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर येतील. म्हणजे पहिले सामने रोज्यातच. हा प्रश्न कॉलेजच्या प्रशिक्षकांना आधीच विचार, असे तिला सांगून ठेवले आहे.

त्या दोन दिवसांनंतर लहान टीमला होकार गेला. मेहुण्यांनी स्वतः पाठवला, पण पाठवताना "बघू" म्हणालेच. मोठ्या नावाचा मोह त्यांचा अजून सुटलेला नाही आणि आम्ही तो सोडवायचा प्रयत्नही करत नाही. चूक आमचीही ठरू शकते. सप्टेंबर उजाडल्यावर भाचीने वीस कॉलेजांना पत्रे पाठवली. आतापर्यंत चार उत्तरे आली. दोन नुसती शिबिराची आमंत्रणे, ती सगळ्यांनाच जातात. एक नकार. आणि एक पेनसिल्व्हेनियातल्या तिसऱ्या विभागातल्या कॉलेजचे, त्यात तिच्या व्हिडिओतल्या एका थ्रोचा उल्लेख होता. ते पत्र तिने आम्हाला वाचून दाखवले, दोनदा.

गेल्या रविवारी रात्री उशिरा आम्ही फोन केला, तेव्हा ती स्पर्धेवरून परत येत होती. चार सामने झाले, दोन तिने पूर्ण कॅच केले, एकात हरले ते तिच्याच चुकीमुळे, असे ती म्हणाली. बहिणीने घरून कबाब-रोट्या नेल्या होत्या. टीमने पिझ्झा मागवला तेव्हा बाईंनी आमच्या पोरीसाठी फक्त चीजचा वेगळा सांगितला, तोही दुसऱ्याच मुलींनी संपवला. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, मांडीवर केमिस्ट्रीचे पुस्तक. दुसऱ्या दिवशी चाचणी होती, म्हणून फोन लवकर ठेवला.