डब्यावरचे चित्र काय लपवते?

नाणी, तिकिटे, काड्यापेट्या जमवणारे असतात, तसेच बिडीच्या कट्ट्यावरची जुनी लेबले जमवणारेही असतात. भंडारा जिल्ह्यात बिडी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. १९९९ मध्ये वेगळा झालेला गोंदियाही तेव्हा याच जिल्ह्यात होता. त्यामुळे माळा झाडताना असा एखादा कागद किंवा तंबाखूचा पत्र्याचा डबा सापडला तर नवल नाही. तो फेकू नका, पण त्यावरचे चित्र नीट वाचा.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रंगीत छपाई स्वस्त झाली आणि तंबाखूच्या डब्यांवर कृष्णवर्णीयांची विद्रूप चित्रे झळकू लागली. मिलवॉकीच्या एका कंपनीच्या तंबाखूचे तर नावच कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी होते. पुढे विरोध वाढल्यावर नावाचे पहिले अक्षर बदलले, एवढेच. समाजशास्त्राचे कृष्णवर्णीय प्राध्यापक डेव्हिड पिलग्रिम यांनी अशा हजारो वस्तू जमवल्या आणि १९९६ मध्ये मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठाला दिल्या. तिथले संग्रहालय या वस्तू मिरवत नाही. द्वेष घराघरांत कसा पोहोचवला गेला, ते शिकवते.

आपल्या लेबलांवर देव, वाघ, आकडे आणि कारखानदाराचा फोटो दिसतो. मात्र मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानात तंबाखू भरणारी, दोऱ्याने बिडी बांधणारी बाई सहसा दिसत नाही. तिच्या नाकात तंबाखूची धूळ जाते, हाताच्या कातडीतून निकोटिन शरीरात शिरते, तासन्‌तास वाकून पाठ धरते. परदेशी डब्याने माणसाची थट्टा केली, इथल्या कागदाने माणूसच वगळला.

आतल्या मालाबद्दलही दोन्ही चित्रे गप्प होती. पानात गुंडाळलेली म्हणून बिडी सौम्य, असा समज अजून आहे. प्रत्यक्षात बिडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असला, तरी तेंदूच्या पानातून हवा जात नाही. बिडी विझू नये म्हणून जोरात आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच शरीरात जाऊ शकतात. तोंड, घसा व फुप्फुसाचा कर्करोग, दमा लागणे, हृदयविकार, सगळे धोके तेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले ७.७ टक्के प्रौढ बिडी ओढत होते, तर सिगारेट ४ टक्के.

२००९ पासून पाकिटावर इशाऱ्याचे चित्र सक्तीचे झाले. एप्रिल २०१६ पासून त्याने ८५ टक्के जागा व्यापली. ज्या जागेवर वाघ होता तिथे आता आजार दिसतो. पाकिटाने खरे बोलायला इतकी वर्षे लागली.

संग्राहकांनी थोडी काळजी घ्यावी. जुन्या डब्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंगाचे पोपडे खरवडू नयेत, हाताळल्यावर हात धुवावेत आणि डबा मुलांच्या खेळण्यात देऊ नये. त्यात खाण्याचे पदार्थ तर ठेवूच नयेत. वंशद्वेषी चित्रांच्या नव्या नकलाही बाजारात येतात, त्या शोभेसाठी घेऊ नयेत. लेबलामागे गाव, कारखाना, साल आणि घरात कोण बिड्या वळत होते, ते लिहून ठेवा. कागदाने वगळलेले नाव निदान तिथे तरी येईल.

आणि बिडी सोडायची असेल तर पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक लावा.