जुन्या गाडीचे नवे काळीज

सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. 1913 साली यशवंतराव जन्मले तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. डिसेंबर 2021 मध्ये याच गावचे दत्तात्रय लोहार एकाएकी देशभर गाजले. मुलाच्या हौसेसाठी त्यांनी भंगारातले भाग जुळवून सुमारे 60 हजार रुपयांत चारचाकी तयार केली होती. दिसायला जीपसारखी, पण सुरू व्हायची दुचाकीप्रमाणे किक मारून! उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे तोंड भरून कौतुक केले. मात्र ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाने ती स्वीकारली.

हातातली कला आणि रस्त्याचा कायदा यांची ही गाठ घरच्या अंगणात जुन्या गाडीचे इंजिन बदलणाऱ्यालाही सोडवावी लागते.

या मातीला इंजिन परके नाही. किर्लोस्करवाडी 1910 मध्ये वसली. साताऱ्यात 1922 साली धनजीशा कूपर यांनी सुरू केलेल्या कारखान्यातून पुढे डिझेल इंजिने बाहेर पडली. विहिरीवरचे इंजिन उघडून पुन्हा बसवणारे हात इथे गावोगाव आहेत. त्यामुळे वडिलांच्या काळातली मारुती धूर ओकू लागली, की 'इंजिनच बदलून टाकू' असे घरात कुणीतरी म्हणतेच.

पण आधी दुखणे ओळखावे. निळसर धूर येत असेल आणि ऑइल कमी होत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिले झिजलेली असू शकतात. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी आटत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. कॉम्प्रेशन तपासून घेतले तर पुष्कळदा दुरुस्तीवर भागते. ब्लॉक तडकला किंवा क्रँक मोडला, तर मात्र बदलीचा विचार करावा.

इंजिन घेताना गाडीचे नाव सांगून भागत नाही. मारुती 800 हीच गाडी 1983 पासून 2014 पर्यंत निघत होती. तिचे इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरांचे. पण कार्बोरेटरच्या गाडीची वायरिंग निराळी आणि नंतरच्या एमपीएफआय गाडीची निराळी. जुने इंजिन काढण्यापूर्वी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलेली बरी.

कामाला सपाट, पक्की जमीन हवी. सर्वात आधी बॅटरीची वायर काढावी. पाणी आणि ऑइल डब्यात उतरवावे, गटारात सोडू नये. पेट्रोल जवळ असताना विडी-काडी आणि शेगडी दूर ठेवावी. प्रत्येक वायर व पाइपला चिकटपट्टी लावून खूण लिहावी. सोडवताना वाचवलेला अर्धा तास जोडताना दोन दिवस खातो. वाड्याच्या तुळईला किंवा कडुनिंबाच्या फांदीला साखळी अडकवण्याचा मोह अनेकांना होतो. तुळई घराचा भार पेलते, म्हणून झुलते इंजिनही पेलेल असे नाही. गॅरेजमधून इंजिन उचलण्याची घोडी भाड्याने आणावी. लटकत्या इंजिनाखाली हात घालू नये आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरू नये. अंगणात खेळणाऱ्या मुलांना त्या दिवशी मामाकडे पाठवावे हे उत्तम.

गाडी उघडलीच आहे, तर क्लचप्लेट, माउंटिंगची रबरे, पाण्याचे पाइप यांकडेही पाहून घ्यावे. नवे इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइल आणि पाणी पुन्हा तपासावे. सुरू झाल्यावर गळती शोधावी. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर नटबोल्ट आणि ऑइल पुन्हा पाहावे.

इथे पान्ह्याचे काम संपते, पण कामाचा शेवट होत नाही. इंजिनावरचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार इंजिन बदलल्यावर 14 दिवसांच्या आत त्याची माहिती नोंदणी कार्यालयाला द्यावी लागते. म्हणून जुन्या बाजारात इंजिन घेताना पावती मागावी आणि ते ज्या गाडीतून निघाले तिचे कागद पाहावेत. पावती नसलेले स्वस्त इंजिन चोरीचे निघाले, तर हौसेची गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते. इंधनाचा प्रकार बदलायचा असेल तर नियम आणखी कडक आहेत. चौकशी आधीच करावी. विमा कंपनीलाही कळवावे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा ही जुळणी तपासली जाते.

अंगणात पहिल्यांदा इंजिन धडधडते तेव्हा घरातले सगळे दारात येतात. आजोबा कान देऊन ऐकतात, आई आधी हात धुवायला सांगते. आनंदाचा तो क्षण घरच्यांनी जरूर साजरा करावा. पण गाडी रस्त्यावर काढण्याआधी एक फेरी आरटीओकडे मारावी. देवराष्ट्रेच्या गाडीचे कौतुक साऱ्या देशाने केले, तरी रस्त्यावर धावण्याची परवानगी तिला त्या कौतुकातून मिळाली नव्हती.